शेवटच्या पानावर आठ दिवस

मी लेख लिहिणार हे कळल्यावर आमच्या टेबलावरून सगळ्यात आधी चंद्रभागामावशींचा हुकूम सुटला. "काय खाल्लं ते लिव्ह. न्हाई तर आमी ऐकणार न्हाई." म्हणून आधी तेच लिहून टाकते. ज्या दिवशी माझी लबाडी पकडली गेली त्या दिवशी माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती मी खाल्ली नाही. शमीमभाभींनी खाल्ली.

यावरून कोणाला वाटेल, ही बाई आचारी असेल. तसं नाही. मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. पॅकहाऊस म्हणजे जिथं बागेतून आलेली द्राक्षं साफ करून, वजन करून परदेशी जाणाऱ्या पेट्यांत भरतात ती जागा. आणि तिथं माझं काम द्राक्षं भरायचं नाही, वाचून दाखवायचं आहे. असं काम जगात असतं हे मला अजून खरं वाटत नाही. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी गेटवरच्या यादीत स्वतःचं नाव दिसेपर्यंत मी आत पाऊल टाकत नाही. नाव दिसलं की मी ते दोनदा वाचते. मग मागच्या बाईला वाचायला लावते.

माझं शिक्षण सातवी. माहेर आणि सासर दोन्ही वाशिमकडचं. माझ्या नवऱ्याला, गजाननला, वारूळवाडीच्या एका बागायतदाराकडं बागेवर काम मिळालं, म्हणून आम्ही इकडं आलो. आल्या आल्या मला इथली बोली कळेना आणि माझी इथं कोणाला कळेना. मी "काऊन?" म्हटलं की बाया हसायच्या. आमच्याकडं "का?" ला "काऊन?" म्हणतात, त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

आता काम समजून घ्या. हॉल थंडगार असतो, आत लांब टेबलं, एकेका टेबलाभोवती बायांची एक टोळी. डोक्याला जाळी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा कोट. बागेतून क्रेट येतात. घड उचलायचा तो देठाला धरून. मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यांवर पांढरी पूड असते, झाडानंच दिलेली. बोट लागलं की ती पुसते आणि घड शिळा दिसायला लागतो. दुसऱ्या हातात बारीक टोकाची कात्री. फुटका मणी काढा, डागाचा काढा, वाढ न झालेला बारका काढा. मग वजन, मग पिशवी, मग पेटी. पेटीत सगळ्यात वर कागदासारखं एक पॅड ठेवतात. पॅडला ओल लागली की त्यातून उग्र औषधी वाफ सुटते, त्यामुळं बोटीच्या प्रवासात बुरशी धरत नाही. हे पॅड लक्षात असू द्या.

माझं उजवं मनगट लहानपणी मोडलं होतं आणि हाडवैद्यानं ते बांधलं जरा तिरकंच. बाकीच्या बाया तीन क्रेट उरकत तोवर माझा एक व्हायचा, तोही रडतखडत. पहिल्या हंगामाच्या तिसऱ्याच दिवशी सुपरवायझर थोरवे साहेब माझ्यामागं येऊन उभे राहिले. साहेब माझ्यापेक्षा लहान आहेत, पण हातात नोंदीची फाइल आणि पेन घेऊन उभे राहिले की मला शाळेतल्या गुरुजींसमोर असल्यासारखं होतं. ते हळूच म्हणाले, "ताई, उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

मी मान हलवली. मला वाटलंच होतं.

तेवढ्यात समोरून चंद्रभागामावशी बोलल्या. मावशी पिंपळवंडीच्या. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, पण मणी किती मिलिमीटरचा हे नुसतं बघून सांगतात. साहेब मण्याला मापाचं कडं घालून मोजतात आणि मावशींचं बरोबर निघतं. मावशी म्हणाल्या, "तिचा क्रेट आमी भरतो. ती वाचंल."

"वाचेल म्हणजे?"

त्याचं असं झालं होतं. वारूळवाडीची सुजाता जेवायच्या सुट्टीत वाचनालयातली कादंबरी मनातल्या मनात वाचायची. बाकीच्या म्हणायच्या, "एकटीच खाती व्हय गं?" आदल्या दिवशी तिचा घसा बसला होता म्हणून तिनं पुस्तक माझ्याकडं दिलं आणि मी मोठ्यानं वाचलं. शाळेत मला तेवढं एकच येत होतं. सुट्टी संपली तेव्हा गोष्टीतली बाई विहिरीच्या काठावर उभी होती, आणि सगळ्या टेबलाला घोर लागला होता की ती उडी मारते की पाणी शेंदते.

साहेब म्हणाले, "मावशी, हे कुठल्या नियमात बसतं?"

"बसत न्हाई. बसवायचं. तुमी साहेब कशाला झालाव मंग?"

तेव्हापासून आमच्या टेबलाची रीत पडली. माझा रिकामा क्रेट टेबलाच्या टोकाला ठेवायचा. ज्या बाईचा क्रेट उरकेल तिनं साफ केलेला एक घड माझ्या क्रेटमध्ये टाकायचा. मी पलीकडं स्टुलावर बसून, मास्कमधून ओरडत, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं पुस्तक वाचायचं. पिशवी यासाठी की हॉलमध्ये कागदाचा कपटाही चालत नाही. पान उलटायचं तर दर वेळी पिशवीत हात घालावा लागतो.

या क्रेटवरून मला कळायचं की गोष्ट कशी चाललीय. गोष्ट रंगली की कात्र्या झपाझप चालतात आणि घड पडत राहतात. एका कादंबरीत नायक तीन पानं खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला, त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या क्रेटचा तळ दिसत होता. शमीमभाभी जुन्नरच्या, वजनकाट्यावर बसतात. त्या म्हणाल्या, "याला काही काम नाय का? इकडं पाठवा, पेट्या उचलंल."

वाचता वाचता चर्चा चालायची, आणि ती सगळी द्राक्षाच्या भाषेत. दिसायला टपोरं आणि आत काही नाही असं वाक्य आलं की कोणीतरी म्हणायचं, "पाणी झालेला मणी." घडाचा देठ वाळला की मणी गळतात, म्हणून ज्या गोष्टीत कोण कोणाचं काय लागतं तेच आठवेनासं व्हायचं ती "वाळल्या देठाची". आणि जिथं शब्द फारच नटवलेले असायचे तिथं मावशी म्हणायच्या, "ह्यानं लई बोटं लावलीत."

सुजाता शिकलेली, ती लेखकांची बाजू घ्यायची. एकदा मी वाचलं, "यमुनेनं स्वयंपाक उरकला आणि ती ओटीवर आली."

"काय केलं?" मावशींनी विचारलं.

"कधी?"

"सैपाकाला गं."

"ते लिहिलं नाही."

"का?"

"लेखकाला माहीत."

"त्याला बी म्हाईत न्हाई. ताट फुडं आल्याव जेवणारा दिसतोय."

सुजाता म्हणाली, "मावशी, सगळं सांगायचं नसतं. थोडं वाचणाऱ्यावर सोडायचं असतं. त्याला सूचकता म्हणतात."

"बरं. मंग भाकर का भात यवढं सांग म्हनावं, बाकीचं सोड आमच्याव."

यात मी कुठंच नव्हते. मी नुसती वाचणारी. चांगलं झालं तर लेखकाचं, वाईट झालं तर लेखकाचं. माझ्यासारख्या घाबरट बाईला याहून सुरक्षित जागा नाही. ती जागा मी स्वतःच्या हातानं घालवत आणली, त्याची सुरुवात तपासणीच्या दिवशी झाली.

परदेशी खरेदीदाराकडून एक मॅडम तपासायला आल्या होत्या. सोबत पुण्याचा दुभाष्या. त्या येणार ही वर्दी अर्धा तास आधी यायला हवी होती, ती आलीच नाही. मॅडम थेट आमच्या टेबलापाशी आल्या आणि माझ्या पुस्तकाकडं बोट करून काहीतरी विचारलं. थोरवे साहेबांचा चेहरा कोटापेक्षा पांढरा झाला. ते म्हणाले, "ह्या आमच्या स्वच्छतेचे नियम वाचून दाखवणाऱ्या ताई."

दुभाष्या म्हणाला, "मॅडम म्हणतायत, वाचा."

पानावर त्या वेळी पाटलाची सून आणि सर्कशीतला माणूस गवताच्या गंजीमागं उभे होते. मी साहेबांकडं बघितलं. साहेब छताकडं बघत होते. मी वाचायला लागले, "पाटलाच्या सुनेनं गंजीमागं जाण्याआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. सर्कशीतल्या माणसानं नखं कापलेली होती. त्याला खोकला नव्हता. दोघांनी बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवली आणि मगच एकमेकांकडं पाहिलं."

दुभाष्या माझ्याकडं बघतच राहिला. मग मान खाली घालून त्यानं इंग्रजीत बरंच काही सांगितलं, काय ते त्यालाच ठाऊक. मॅडमनी खूश होऊन लिहून घेतलं. कात्र्या बंद होत्या आणि मास्कच्या आत सगळं टेबल थरथरत होतं. पुढं महिनाभर कोणी बाई बाहेर जाऊन आली की शमीमभाभी विचारायच्या, "हात धुतले का गं गंजीमागं जायच्या आधी?"

सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवशी मला एक वाईट गोष्ट कळली होती, की पानावर नसलेलंही वाचता येतं.

त्यानंतर झालं पॅडांचं प्रकरण. एका कादंबरीत म्हातारा टपालवाला गावभराची पत्रं वाटतो आणि स्वतःच्या लेकीचं पत्र पिशवीत तसंच राहून तो मरतो. सगळं टेबल रडायला लागलं. हातात मोजे, अंगात कोट, पदर कोटाच्या आत. डोळे पुसायचे कशानं? समोर पॅडांची चवड होती, कागदासारखी दिसणारी. एकीनं पॅड उचललं, तिचं बघून दुसरीनं. डोळ्यांतलं पाणी पॅडला लागलं आणि पॅडानं आपलं काम केलं, वाफ सोडली. मग जे डोळे झोंबायला लागले म्हणता! जितकं झोंबे तितकं पाणी येई, आणि जितकं पाणी येई तितकं पॅड पुन्हा डोळ्याला लागे. थोरवे साहेब धावत आले तेव्हा सगळं टेबल हंबरडा फोडत होतं आणि मी पान उघडं धरून विचारत होते, "वाचू का पुढं?"

साहेबांनी सगळ्यांना नळावर नेलं. त्या दिवशीच्या पेट्या पुन्हा उघडून तपासाव्या लागल्या, दोनांत फुटके मणी राहिलेले निघाले. साहेबांनी मला बाजूला घेतलं. ते रागावले नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "ताई, माझ्यावरही साहेब आहेत. पुन्हा असं रडवणारं पुस्तक आलं तर वाचन बंद. तुम्ही कात्री धरायची. आणि कात्रीवर तुमचं कसं आहे ते तुम्हाला माहीतच आहे."

माहीतच होतं.

त्याच हंगामात सुजातानं सुमन नावाच्या बाईची गोष्ट असलेली एक कादंबरी आणली. तिचं वेष्टन आणि पहिली चार पानं गेलेली होती, त्यामुळं नाव काय, लिहिणारं कोण, काही कळायला मार्ग नव्हता. समुद्रकाठचं गाव. सुमनचा नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही. ती पिठाची गिरणी चालवते, आणि गिरणीची किल्ली सासूच्या कमरेला. दोघींचं रोज भांडण. त्या पुस्तकावर आमच्या टेबलानं जीव टाकला होता, कारण कोणत्या घरातून कोणतं दळण आलं हे सगळं त्यात लिहिलं होतं. मावशी म्हणाल्या, "ह्यानं गिरणीत उभं ऱ्हाऊन पीठ खाल्लंय."

पुस्तक संपत आलं आणि सुजाता परीक्षेसाठी रजेवर गेली. मी रोज सकाळी पाणी तापेपर्यंत त्या दिवशीची पानं एकदा वाचून ठेवते, अडखळायला नको म्हणून. त्या सकाळी मी शेवटची पानं वाचली. सुमन तापानं मरते. बंबाशेजारी बसून मी इतकी रडले की गजाननला वाटलं वाशिमहून फोन आला. मग रडणं थांबलं आणि भीती सुरू झाली. आज हे वाचलं की टेबल रडणार, पॅडं उचलली जाणार, आणि उद्या माझ्या हातात कात्री.

म्हणून मी सुमनला मरू दिलं नाही. शेवटचं पान उघडलं, ताप चढल्याचं तेवढं जसं होतं तसं वाचलं, मग पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, "पहाटे सुमनचा ताप उतरला."

"सुटली गं माय माझी!" शमीमभाभी काट्यावरून ओरडल्या. घड धडाधड पडायला लागले. दुपारी क्रेट काठोकाठ भरलेला होता.

तिथंच पुस्तक मिटलं असतं तर निभावलं असतं. पण मला संपवता येईना. संपलं म्हणावं तर नवं पुस्तक हवं, आणि ते आणणारी सुजाता रजेवर. मी चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवरा परत आला. तिसऱ्या दिवशी सासूनं आपणहून किल्ली दिली. चौथ्या दिवशी दुसरी गिरणी निघाली. पुस्तकात जी माणसं भांडत होती त्या सगळ्यांची मी समजूत घालत सुटले. आणि मग व्हायचं ते झालं. माझ्याकडं घडायला काही उरलंच नाही. क्रेट रिकामा राहायला लागला.

"ह्या लेखकाला काय झालं गं?" एकजण म्हणाली. "आधी बरा व्हता."

"दमला वाटतं," शमीमभाभी म्हणाल्या.

"साखर लई झाली," मावशी म्हणाल्या. "सगळं मणी एका मापाचं. असा घड झाडाला येत न्हाई."

जाळीखाली माझे कान तापले. त्या अनामिक लेखकानं काय सुंदर लिहिलं होतं, आणि माझ्यापायी बिचारा शिव्या खात होता. त्यात थोरवे साहेब खांबाआडून पुढं आले. आम्हाला तोवर वाटायचं की ते खांबापाशी मोबाइल बघत असतात. ते म्हणाले, "एक विचारू? ही सुमन समुद्रकाठची ना? मग ती चार दिवसांपासून 'काऊन' काऊन म्हणतेय?"

माझ्या हातातलं पुस्तक निसटता निसटता राहिलं. शमीमभाभी म्हणाल्या, "नवरा बोटीवरून वाशिमला गेला असंल. तिकडनं घेऊन आला." सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या माझ्या बोटाकडं बघत होत्या.

सहाव्या दिवशी मला काहीच सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी वाचायला लागले की आजारातून उठल्यावर सुमनच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता. दळणाचा डबा उचलून वर गिरणीत ओतायचा तर हात खांद्याच्या वर जाईना. कोणाला कळू नये म्हणून ती डबा आधी मांडीवर घ्यायची, मग कमरेवर, आणि कोणी बघितलं की पदर सावरल्यासारखं करायची. गिऱ्हाईक नसलं की रिकामा डबा वर नेऊन बघायची, आज जातो का. आणि रोज सकाळी तिला वाटायचं की आज सासू म्हणेल, बाई, आता तू राहू दे.

कात्र्या थांबल्या होत्या. मला वाटलं, पुन्हा काहीतरी चुकलं. मग मावशी म्हणाल्या, "आत्ता लिव्हाय लागला बघा ह्यो." आणि एक घड माझ्या क्रेटमध्ये पडला.

पण दुसऱ्या दिवशी मी घाबरून पुन्हा सगळ्यांना खूश केलं. आठव्या दिवशी सुमन गावासाठी लाडू वळत होती.

नवव्या दिवशी सुजाता परत आली. जेवायच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तिनं सहज विचारलं, "सुमन मेली तेव्हा सगळ्या खूप रडल्या असतील ना?"

"कोण मेली?" शमीमभाभींचा घास हातातच राहिला. "काल तर लाडू वळत व्हती!"

सुजातानं माझ्याकडं बघितलं. मी भाकरीकडं बघितलं. तिनं पुस्तक काढून शेवटचं पान डोळ्यांखालून घातलं आणि म्हणाली, "लाडू कुठंच नाहीत."

मी सगळं सांगून टाकलं, पॅडांचं, साहेबांचं, कात्रीचं. एकजण मावशींना म्हणाली, "मावशे, आठ दिस आपल्याला येड्यात काढलं हिनं."

"मला न्हाई," मावशी म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई, पर पान उलटल्यालं दिसतं. आठ दिसांत हिचा हात एकदा बी पिशवीत गेला न्हाई."

"मंग बोलली का नाय?"

"फुडं काय व्हतंय ते ऐकायचं व्हतं."

सुट्टी संपली. मी माझा क्रेट टेबलाच्या टोकाला ठेवला, सवयीनं. कोणी घड टाकला नाही. वाच असंही कोणी म्हणालं नाही. पाऊण तासानं मी स्टूल सरकवलं आणि कात्री घेतली. माझा एक क्रेट अर्धा झाला नाही तोवर मावशींनी चार बाजूला सारले. थोरवे साहेब एकदा येऊन बघून गेले. घरी जाताना मी गजाननला फोनवर म्हणाले, सामान बांधायला लागू का? तो म्हणाला, बागेवर माझं काम आहे ना अजून. मी म्हटलं, तुझं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. नुसता कात्र्यांचा आवाज. इतक्या हंगामांत मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, माझ्याच आवाजाखाली दबलेला असायचा. दहाच्या सुमाराला मावशींनी मान वर केली.

"वनिता, शेवटचं पान वाच. जसं हाय तसं."

मी साहेबांकडं बघितलं. साहेब दोन पावलं पुढं आले. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी टेबलावरची पॅडांची चवड उचलली, काखेत धरली आणि खांबापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. सुमनला ताप चढतो. गिरणी बंद, बाहेर दळणाचे डबे रांगेत, प्रत्येकावर खडूनं नाव. चौथ्या दिवशी ती जाते. तेराव्यानंतर सासू कमरेची किल्ली काढते, गिरणी उघडते. रांगेतला पहिला डबा सुमनचाच असतो, आजारी पडायच्या आधी स्वतः आणून ठेवलेला. सासू तो उचलते आणि ओतते. तिथं पुस्तक संपतं.

मी भीत भीत वर बघितलं. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, मास्क ओले झाले होते. पण कात्र्या थांबल्या नव्हत्या. एकही थांबली नव्हती. संध्याकाळी साहेबांनी आमच्या टेबलाच्या पेट्या मुद्दाम उघडून बघितल्या आणि एकही परत आली नाही. मी बायांना विनाकारण जपत होते. त्यांना फक्त पॅडांपासून दूर ठेवायला हवं होतं.

वाचून झाल्यावर सुजाता म्हणाली, "पटलं का आता? हा शेवट खरा."

"खरा हाय," मावशी म्हणाल्या. "सासूनं डबा ओतला, बास. तिचं त्वांड कसं झालं ते बी सांगितलं न्हाई. तू म्हंतीस ती सूचकता का काय, ती हीच असंल." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुझं सगळं पाणी झालेलं मणी. नवरा आला, किल्ली दिली, लाडू वळलं. पर त्या हाताचं तेवढं ह्याच्या बरुबरीचं व्हतं. ते कुठनं आणलं?"

मी उजवा हात पुस्तकाखाली सरकवला. त्यांची नजर माझ्या मनगटावर होती. इतकी वर्षं मोज्याच्या आत लपवलंय असं मला वाटत होतं.

मावशींनी समोरचा एक घड देठाला धरून उचलला आणि माझ्या क्रेटमध्ये ठेवला. साहेब म्हणाले, "मावशी, त्यात बारके मणी राहिलेत."

"राहूंद्या. ह्यो बोटीत जायाचा न्हाई. तिला घरी खायाला." साहेबांनी पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. मावशी मला म्हणाल्या, "बारकं मणी पावण्यांसाठी काढायचं. आमच्यासाठी काढायचं न्हाईत. कळलं?"

"कळलं."

शमीमभाभींनी काट्यावरचा घड उचलून टाकला. मग बाकीच्यांचे पडायला लागले. मी रडायला लागले आणि हात आपोआप पॅडांकडं गेला, पण ती साहेबांच्या काखेत होती.

मी पुस्तक पिशवीत नीट घातलं आणि म्हटलं, "सुजाता दुसरं आणेल उद्या."

"उद्याचं उद्या," शमीमभाभी म्हणाल्या. "आत्ता जेवायला दोन तास हायत. ती हाताची सुमन तशीच अर्धवट सोडली का तू?"

"पण ती तर माझी... ती पुस्तकात नाही."

"म्हाईत हाय," मावशी म्हणाल्या. "पुस्तकातलं वाचायचं तर उघडून वाचायचं. तुझं सांगायचं तर मिटून सांगायचं. मिट ते."

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. बोट ठेवायला पान नव्हतं, हात कुठं ठेवावा कळेना. समोर सगळं टेबल कात्र्या धरून बघत होतं. खांबापाशी साहेबही. "एकदा," मी म्हटलं, आणि थांबले. "सुमन एकदा पहाटे उठली," मी म्हटलं, आणि पुन्हा थांबले.

मावशींनी घड उचलला, कात्री उघडली आणि खाली मान घालूनच म्हणाल्या,

"हं. काऊन उठली?"